तेरवीनंतर घरात एकटी उरलेली आई

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबा (वय ६३, खासगी कंपनीतून निवृत्त, ईपीएफची पेन्शन) मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात धंतोलीतल्या एका दवाखान्यात हार्ट अटॅकने गेले. नागपूरच्या घरी आता आई (वय ५९) एकटी आहे आणि तिला शुगर आणि बीपी दोन्ही आहे. तेरवी झाली, पाहुणे गेले. मुलगा पुण्याला नोकरीवर परतला, मुलगी अमरावतीला सासरी. आई रात्र रात्र जागी असते, दिवसातून एकच वेळ जेवते, संध्याकाळी बाबांचं ताट वाढते आणि "त्यांचा खोकला ऐकू येऊन राहिला" म्हणते. नातेवाईक सांगतात, घर विका आणि आईला पुण्याला न्या. मुलाला स्वतःला अजून रडूच आलेलं नाही. त्याचं विचारणं: हे असंच असतं का, आणि मी नेमकं काय करू?

आधी शुगरच्या गोळीचं बघा. आई एकच वेळ जेवते आणि गोळ्या मात्र पूर्वीच्याच वेळेला घेते, असं असेल तर ते धोक्याचं आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतलं आणि पोटात काही गेलं नाही, तर शुगर ७०च्या खाली उतरू शकते. मग घाम येतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलतो किंवा सुन्न बसून राहतो. दुखवट्याच्या घरात "धक्क्यानं अशी झाली" म्हणून हे कोणाच्या लक्षातही येत नाही. असं दिसलं आणि आई शुद्धीवर, गिळता येण्याच्या स्थितीत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पुन्हा बघा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या आणि मग काहीतरी खायला घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. नेहमीच्या डॉक्टरांना आजच फोन करून "आई एक वेळ जेवते, डोस काय ठेवायचा?" एवढंच विचारा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आपल्या मनाने चालूही ठेवू नका.

बीपीच्या गोळ्यांचं उलटं होतं. त्या विसरल्या जातात, कारण बहुतेक घरांत गोळीची आठवण करून देणारा माणूसच गेलेला असतो. सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला आठवड्याचा डबा आणा आणि रविवारी कोणीतरी तो भरून ठेवा. छातीत दुखलं, दम लागला तर "टेन्शननं होतं" म्हणून घरी बसू नका. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा काही काळ नीट आकुंचन पावत नाही, असा एक आजार आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास त्याचं वर्णन केलं आणि तो पाळी गेलेल्या बायकांमध्ये जास्त दिसतो. लक्षणं हार्ट अटॅकसारखीच असतात, त्यामुळे ईसीजी आणि रक्ततपासणीशिवाय घरबसल्या फरक कळत नाही.

आणि मे महिना आहे. नागपूरला पारा ४५ वर गेला की चांगला धडधाकट माणूसही चार वेळा पाणी मागतो. दुःखातल्या माणसाला तहान-भूक जाणवत नाही, कुलरही "त्यांना लागायचा, मला नको" म्हणून बंद ठेवला जातो. चक्कर, गोंधळ, गडद लघवी ही दुःखाची लक्षणं समजू नका, ती पाणी कमी पडल्याची असू शकतात. ताटभर जेवणाचा आग्रह सोडा. दर तीन तासांनी वाटीभर द्या: मुगाची खिचडी, ज्वारीची आंबील, ताक, फोडणीचं वरण आणि अर्धी पोळी. शुगर असल्यामुळे नुसतं पन्हं आणि सरबत यावर दिवस काढायला लावू नका.

झोपेसाठी शेजारच्या घरातली "अर्धी गोळी" अजिबात नको. अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांनी पहिल्या काही रात्री बऱ्या जातात, पण काही आठवड्यांत त्यांची सवय लागते, पहाटे बाथरूमला जाताना तोल जातो आणि दुःख तिथल्या तिथेच राहतं. डॉक्टरांनी दिल्याच तर किती दिवसांसाठी, हे त्यांच्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. त्याआधी साधं बघा. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत आणि तीन वाजायच्या आत, चहा चारनंतर बंद, आणि पलंगावर वीस-पंचवीस मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. डबल बेडची रिकामी बाजू रात्री फार बोचते. काही महिने आईने दिवाणावर किंवा हॉलमध्ये झोपलं तरी चालेल, त्यात वावगं काही नाही.

आता ताट आणि खोकला. हे वेडेपण नाही. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये डेवी रीस या डॉक्टरांनी २९३ विधवा-विधुरांना विचारलं होतं आणि १९७१ मध्ये ते प्रसिद्ध केलं: जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार आसपास असल्याचं जाणवलं होतं, काहींना दिसला, काहींना ऐकू आला. बहुतेकांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. पस्तीस वर्षं रोज रात्री जो खोकला ऐकला, तो कान लगेच विसरत नाही. आई हे तुम्हाला सांगते आहे, हे चांगलं लक्षण समजा. "कसा होता ग आवाज?" एवढं विचारा आणि ऐका. ताट बंद करायला सांगू नका. त्यातलं अन्न नंतर कामवाल्या बाईला देते, गाईला घालते की स्वतः खाते, हे मात्र बघा. तेच तिचं रात्रीचं जेवण होऊ शकतं. काळजीची गोष्ट वेगळी आहे: तो आवाज तिला "ये" म्हणून बोलावत असेल, काही करायला सांगत असेल, किंवा बाबा गेलेच नाहीत असं ती खरोखर मानत असेल, तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

लोक तुम्हाला दुःखाचे पाच टप्पे सांगतील: नकार, राग वगैरे. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी ते १९६९ मध्ये मांडले ते मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं वेळापत्रक म्हणून ते मांडलेले नव्हते. त्यामुळे "आई अजून रागाच्या टप्प्यावर आहे" असले हिशेब करू नका. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं चित्र रोजच्या व्यवहाराला जास्त उपयोगी पडतं. माणूस दोन बाजूंमध्ये येरझाऱ्या घालतो. एकीकडे आठवण, रडणं, फोटो. दुसरीकडे गॅस सिलिंडर, बँक, भाजी, नवीन कामं शिकणं. दोन्ही बाजूंना जाणं-येणं चालू असलं की माणूस सावरत असतो. एकाच बाजूला महिनोन्‌महिने अडकला की बिघडतं. तुमच्या घरात मला हेच दिसतं: आई आठवणीच्या बाजूला आणि तुम्ही कामाच्या बाजूला अडकलात. म्हणजे तुमचं न रडणं हे दगडपण नाही. तेरवीचा मांडव, दाखले, बँका, ऑफिस हे सगळं तुम्ही ओढलंत, त्यात शरीराला रडायला सवडच मिळाली नाही. ते चार-सहा महिन्यांनी पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये, बाबांच्या स्कूटरसारखी स्कूटर दिसल्यावर येईल आणि तुम्हालाच आश्चर्य वाटेल. नाहीच आलं तरी तो दोष नाही. रोजची दारू मात्र वाढली असेल, तर ती त्याच दुःखाची मागची वाट आहे.

मग करायचं काय, तर आईच्या दिवसात दोन-तीन खुंट्या ठोकायच्या. सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत, अर्धा तास बाहेर, कोणीतरी सोबत. दुपारी एक काम असं की जे अर्धवट राहिलं तर दिसेल: तूरडाळ निवडणं, कुंडीत पाणी, पासबुक भरून आणणं. आणि संध्याकाळी दिवेलागणीची वेळ. ही वेळ सगळ्यात जड असते, कारण बाबा त्याच सुमारास घरी यायचे किंवा चहा मागायचे. त्या वेळी फोन करा, रोज, ठरलेल्या मिनिटाला. "जेवलीस का?" या प्रश्नाला "हो" एवढंच उत्तर येतं, त्यापेक्षा "आज काय केलंस, दाखव" म्हणून व्हिडिओ कॉल लावा. अमरावतीच्या बहिणीसोबत दिवस वाटून घ्या, नाहीतर दोघं मंगळवारी फोन करता आणि गुरुवारी कोणीच नाही.

आठवणीची वेळही ठरवून द्या. रोज वीस मिनिटं, बाबांच्या फोटोसमोर, हवं तेवढं रडावं, बोलावं, त्यांना पत्र लिहावं. "रडू नको, बळ धर, लेकरांकडे बघ" हे तिला तेरा दिवस शंभरदा ऐकवलं गेलं असेल. ते ऐकून माणूस गप्प होतो आणि बघणाऱ्याला वाटतं सावरला. दुखवट्याला येणाऱ्यांना काही सांगायचंच असेल तर हे सांगा: "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, "दर बुधवारी डबा आणतो" म्हणा. ज्याला दुःख झालंय तो मागत नाही.

आईच्या मनात अपराधीपणाही असणार. "दुपारीच छातीत जळजळते म्हणत होते, मीच म्हटलं ॲसिडिटी असेल." हे वाक्य जवळपास प्रत्येक हार्ट अटॅकच्या घरात असतं. "तुझी काही चूक नाही" म्हणून ते पुसलं जात नाही, उलट माणूस पुरावे देत बसतो. एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे: त्या दुपारी मला काय माहीत होतं. उजवीकडे: संध्याकाळी आणि नंतर काय कळलं. डावीकडे येतं: जेवणात भजी होती, आधीही तीनदा असं झालं होतं, ते स्वतः "झोपतो थोडं" म्हणाले. उजवीकडे येतो ईसीजी, ब्लॉकेज, डॉक्टरांचं वाक्य. आई उजवीकडच्या माहितीने डावीकडच्या बाईला शिक्षा करते आहे, हे तिला तिच्याच अक्षरात दिसायला हवं. एका बसण्यात होत नाही, तीन-चारदा करावं लागतं.

घर आणि पुणे. पहिलं वर्षभर घर विकायचं नाही, हे माझं स्पष्ट मत आहे, आर्थिक अडचण अंगावर आली नसेल तर. नवरा गेला, त्यावर शेजारीण, भाजीवाला, देवळातल्या बायका, आपली बोली हे सगळं एकाच वर्षात गेलं तर आईला एकाऐवजी पाच गोष्टींचं दुःख करावं लागेल. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तुम्ही नऊ तास बाहेर, आणि ती सोसायटीत कोणालाच ओळखत नाही. न्यायचंच तर जून-जुलैत पंधरा दिवसांसाठी न्या, परतीचं तिकीट आधीच काढून तिच्या हातात द्या. तिकडे ती रमली तर पुढचा मुक्काम ती स्वतःच वाढवेल.

तसंच हक्कसोडपत्र. "सगळं आत्ताच मुलाच्या नावानं करून टाका" म्हणणारा एक तरी काका भेटतो. पहिल्या सहा महिन्यांत आईची आणि बहिणीची सही अशा कागदावर घेऊ नका. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र परत फिरवणं फार कठीण असतं. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे (१९५६) बाबांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगा, मुलगी आणि बाबांची आई हयात असेल तर तीही, सगळ्यांचा सारखा वाटा आहे. बौद्ध कुटुंबांनाही हाच कायदा लागू होतो. बँकेतला नॉमिनी पैसे ताब्यात घेतो. मालकी वारसांचीच राहते. भावंडांमधली पुढची दहा वर्षांची कटुता बहुतेकदा या पहिल्या सहा महिन्यांतल्या घाईतून येते.

कागदांचं बोलू, कारण न झालेली कागदं झोप उडवतात. मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथे होत नाही, जिथे मृत्यू झाला तिथे होते. म्हणजे धंतोलीतल्या दवाखान्यातला मृत्यू, तर महापालिकेचा तो झोन, तुमचं घर कुठल्याही झोनमध्ये असो. मुदत २१ दिवसांची. दवाखाना स्वतःच कळवतो, तरी नोंद झाली का ते बघा. ३० दिवसांनंतर परवानगी, वर्षानंतर तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखल्यावरचं नाव आधार, पॅन आणि पासबुकाशी अक्षरशः ताडून बघा. 'रामचंद्र' आणि 'रामचंद्रराव' एवढ्या फरकावर बँक, ईपीएफ आणि विमा तिन्ही ठिकाणी काम अडतं, आणि प्रत्येक खेपेला आईला "ते गेले" हे नव्याने सांगावं लागतं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या.

पेन्शन जमा होते त्या बँकेला लगेच कळवा. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन परत करावी लागते आणि ती खर्च झालेली असली की घरात नवा ताण येतो. आईच्या पेन्शनसाठी ईपीएफओकडे फॉर्म १०-डी भरायचा. निवृत्तिवेतनधारकाच्या पत्नीला साधारण निम्मी पेन्शन मिळते. बाबांच्या एटीएम कार्डाने किंवा यूपीआयने पैसे काढू नका, कितीही अडचण असली तरी. ते पैसे घरचेच असले तरी पुढे दाव्याच्या वेळी त्याची उत्तरं द्यावी लागतात. नॉमिनी असेल तर कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा असतो. प्लॉट एनआयटीच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजचा असेल तर नामांतरण तिथे वेगळं करावं लागतं. महापालिकेच्या करपावतीवर नाव लागलं म्हणजे सगळं झालं असं नाही. ही सगळी कामं एका आठवड्यात उरकू नका. दर खेपेला एकच ऑफिस ठेवा आणि जमेल तिथे आईला सोबत न्या. फॉर्म तिला भरू द्या, वेळ लागला तरी. पहिल्यांदा स्वतः चेक लिहिणाऱ्या बाईचा चेहरा वेगळाच दिसतो.

बाबांचा मोबाइल बंद करू नका. ओटीपी त्याच नंबरवर येतात. रिचार्ज चालू ठेवा आणि दाखला देऊन नंबर आईच्या किंवा तुमच्या नावावर करून घ्या. फोन रिसेट करायच्या आधी व्हॉट्सॲपवरचे आवाजाचे मेसेज बाहेर काढा. खातं १२० दिवस वापरात नसलं की व्हॉट्सॲप ते सहसा काढून टाकतं, आणि "येताना दही आण" असा सहा सेकंदांचा आवाज पुढे घरात सगळ्यात मौल्यवान ठरतो. पेन ड्राइव्हवर एक, ईमेलवर एक, अशा दोन प्रती ठेवा.

कपाटाला सध्या हात नको. "नजरेसमोर नको" म्हणून मावशी-काकू तेरवीच्या दुसऱ्या दिवशी कपडे वाटून टाकतात आणि मग आई तो खुंटीवरचा शर्ट महिनाभर शोधत राहते. तिला वाटेल तेव्हा करा, तिच्या हातानेच, तीन ढीग: ठेवायचं, द्यायचं, आत्ता ठरवायचं नाही. तिसरा ढीग मोठा असला तरी चालेल. खिसे आणि चष्म्याचं घर तपासल्याशिवाय काही देऊ नका. लॉकरची किल्ली, उसनवारीची चिठ्ठी, दवाखान्याची पावती अशाच ठिकाणी सापडते.

कुंकू, बांगड्या, हळदीकुंकवाचं आमंत्रण, हा विषय घरात कोणीतरी काढेलच. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. आईला काय हवं ते तिला एकटीला विचारा, बायकांच्या घोळक्यात नको. तिला टिकली लावायची असेल तर तुम्ही पहिल्यांदा उघड बाजू घ्या, म्हणजे पुढच्यांची तोंडं आपोआप बंद होतात. नको असेल तर सुधारक व्हायच्या हौसेने तिच्यावर लादूही नका. विधींचंही तसंच. रामटेकच्या अंबाळा तलावावर विधी करून आल्याने कोणाला हलकं वाटतं, कोणाला बौद्ध पद्धतीच्या जलदान आणि पुण्यानुमोदनाने, कोणाला कशानेच नाही.

किती दिवस थांबायचं? दीड महिन्यात रात्रीची जाग, भूक न लागणं, मधेच हुंदका हे सगळं अपेक्षित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिन्यांनंतरही तितकीच तीव्र ओढ राहून रोजचं जगणं ठप्प असेल, तर त्याला लांबलेल्या दुःखाचा विकार म्हणतात. त्यासाठी खास पद्धतीची, साधारण १६ बैठकांची समुपदेशनाची उपचारपद्धती आहे. नैराश्याच्या गोळ्या सोबतच्या नैराश्याला मदत करतात, दुःखाला नाही. पण सहा महिने थांबायचं नाही अशा काही खुणा आहेत: वजन झपाट्याने उतरणं, दोन आठवडे अंघोळ-कपडे सुटणं, "मी नकोच होते", "आता माझं काय काम" असं पुन्हा पुन्हा येणं, दागिने-पासबुकं वाटून टाकणं, गोळ्या साठवणं. असं वाटलं तर सरळ विचारा: "आई, जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; असेल तर बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं, तर तिला एकटं सोडू नका, जादा गोळ्या, फवारणीचं औषध, उंदराचं औषध घरातून बाहेर काढा आणि त्याच दिवशी दाखवा. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानचं एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय, चारही ठिकाणी मानसोपचाराची ओपीडी आहे. सकाळीच जा, जुन्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो तुम्हीही लावू शकता, फक्त आईसाठीच आहे असं नाही.

पुढचे अवघड दिवस कॅलेंडरवर आत्ताच दिसतात: पोळा आणि दुसऱ्या दिवशीची मारबत, पितृपक्ष, दिवाळी, त्यांचा वाढदिवस, मग वर्षश्राद्ध. खरा त्रास त्या दिवसापेक्षा आधीच्या दहा-पंधरा दिवसांत होतो. चांगली सावरलेली आई अचानक पुन्हा जागू लागते आणि घरच्यांना वाटतं सगळं मागे गेलं. तसं नसतं, तारीख उलटली की ते ओसरतं. पहिल्या दिवाळीत फराळ करायचा की नाही यावर भांडण होण्यापेक्षा महिनाभर आधी तिघांनी ठरवा: करंजी नको, पण बाबांना आवडायचा तो चिवडा करायचा, असंही चालतं. आणि तुमची रजा दिवाळीच्या चार दिवसांत संपवू नका, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यासाठी काही दिवस राखून आत्ताच ऑफिसात सांगून ठेवा.